काट्यावरच्या कुसुममावशी

कुसुममावशी साबणात घालायचं पाणीसुद्धा काट्यावर तोलत. तेही असं, की सराफ्यातल्या साऱ्या पेढ्यांनी आमच्या पुंडलिकनगरात येऊन त्यांच्याकडं शिकवणी लावावी. तेल, कास्टिक सोडा, पाणी, सगळं ग्रॅमवर. साच्यातून वडी निघाली की महिनाभर फळीवर वाळायची. मग मावशी तिला जिभेचं टोक लावत. चटका बसला, म्हणजे कास्टिक जास्त झालं, अख्खा घाणा बाद.

"मावशी, एवढा सराव झालाय, अंदाजानं घाला की," त्यांच्या हाताखाली राबणारा मी म्हणायचो.

"हाताला सवय असती बापू, काट्याला लाज असती."

त्यांचा साबण खरा लागायचा तो समोरच्या कविताला. ती नर्स. वॉर्डात दिवसाला पन्नासदा हात धुवायचे, आणि बाजारचा कुठलाही साबण लावला की तळव्यांना भेगा पडून रक्त यायचं. नोकरी सोडायची वेळ आली होती, ती मावशींच्या वड्यांनी टळली.

एकदा मावशी तापानं पडल्या. घाणा मी घातला. काट्याचा सेल संपलेला, म्हणून कास्टिक वाटीनं घेतलं. वड्या अशा देखण्या उतरल्या, की दौलताबादच्या तोफेला घासल्या तर तिच्यात तोंड दिसावं! निदान फुलंब्रीपर्यंत तरी मी तसं सांगून आलो.

महिन्यानं मावशींनी जीभ लावली आणि झटकन मागं घेतली.

"वजन केलं व्हतं?"

"व्हय तर!"

"मग ह्या वडीनं आज पन्नासदा हात धू. कवितासारखं."

मग मी खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. चाळीस वड्या बाद केल्या आणि कविताच्या दारात जाऊन म्हणाल्या, "पोरी, या खेपेला माझ्या हातून चुकलं. महिनाभर कळ काढ." तो महिना कविता हाताला पट्ट्या बांधून कामावर गेली. मी, शंभर थापा पचवलेला माणूस, खिडकीआडून बघत राहिलो.

या उन्हाळ्यात मावशी गेल्या. तेराव्याला कविता सगळ्यांसमोर म्हणाली, "इतक्या वर्षांत मावशी एकदाच चुकल्या."

गप्प बसलो असतो, तर कुणाला कळणार होतं?

"त्या नाय चुकल्या, ताई. तो घाणा माझा होता. वाटीनं घातलेला. त्यांनी माझं नाव झाकलं."

पंगत थांबली. कवितानं आपल्या तळव्यांकडं बघितलं.

"घरात दोनच वड्या उरल्यात," ती म्हणाली. "पुढचा साबण तुम्हीच करा. पण वजन करताना मी समोर बसणार."