काचो आणि त्यांचे अकरा जण

आमच्या काचोंना एकच प्रश्न विचारायची खोड होती. "आज सकाळी काय खाल्लं?" काचो म्हणजे सेक्शनचे प्रमुख. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून तोक्योला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर गेलो तेव्हा तेच माझे साहेब. प्रश्न टाकून ते पुढे निघून जात नसत, उत्तरासाठी उभे राहत. "खाल्लं काहीतरी" म्हटलेलं चालत नसे. मला आधी वाटलं, आपल्याकडच्या "जेवलात का?"सारखंच हे असणार. पण "जेवलात का?" विचारणारा माणूस आपल्या डोळ्यांत इतकं रोखून बघत नाही.

शनिवार-रविवार ते आपल्या जुन्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलची टीम शिकवायला जायचे. फुकट. कॉलेज छोटं, टीम त्याहून छोटी. मोठ्या कॉलेजांच्या टीमला मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा पुरत नसे, आणि यांच्याकडे मुलं जेमतेम चौदा. मुलं त्यांना कांतोकु म्हणत, म्हणजे प्रशिक्षक. एका रविवारी मलाही त्यांनी नदीकाठच्या त्या मैदानावर ओढून नेलं. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांवर धडकतात आणि दर अर्ध्या मिनिटाला थांबून बैठक भरवतात, एवढंच दिसायचं. काचोंनी मला बाजूच्या रेषेवर चेंडू किती पुढे गेला ते मोजायची साखळी धरायला उभं केलं.

"जोशी-सान, तुम्हाला खेळ कळत नाही हे उत्तम. साखळी सरळ धराल," ते म्हणाले.

त्या मैदानावर मला त्यांच्या प्रश्नाचा उलगडा झाला. कोणी जोरात आपटला की काचो त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि सकाळी काय खाल्लं ते विचारायचे. डोक्याला मार लागलेला मुलगा स्वतःचं नाव सांगतो, कॉलेजचं सांगतो, पण न्याहारीला चुकतो, असं त्यांचं म्हणणं. खेळ सुरू व्हायच्या आधी ते प्रत्येकाला हेच विचारून ठेवत; नंतरचं उत्तर चुकलं की त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. त्या काळी बऱ्याच ठिकाणी तोंडावर पाणी मारून पोराला परत आत ढकलत, त्यामुळे काचोंची ही पद्धत लोकांना बायकी वाटे. मी त्यांना विचारलं, "पण ऑफिसात कोण आपटतं?"

"डिलिव्हरीच्या आठवड्यात सगळेच," ते म्हणाले.

त्या मोसमात एकाचा गुडघा गेला, एकाचा खांदा निखळला, आणि एकाने अभ्यासाचं कारण सांगून टीमला रामराम ठोकला. उरले नेमके अकरा. तेच अकरा चढाईला, तेच बचावाला. त्यांच्या लीगमध्ये अकरा भरले नाहीत तर सामना गेला, असा नियम होता. त्यातून कॉलेजने कळवून टाकलं की शेवटचा सामना हरून टीम खालच्या गटात घसरली तर क्लब बंद. काचो स्वतः ज्या टीममध्ये खेळले होते ती टीम आता त्या एका सामन्यावर लटकली होती.

सामन्याच्या दिवशी तोक्योच्या निशी-कसाई भागातल्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या बायकोने, वैशालीने, पहाटेपासून पुऱ्या तळल्या. सोबत बटाट्याची पिवळी भाजी, मुलांच्या भाषेत करी. "एवढ्या थंडीत थंडगार भाताचे गोळे खाऊन काय धडकणार ती पोरं!" असं तिचं म्हणणं. सकाळी मैदानावर जेवायच्या काड्यांनी पुरी तोडायचा प्रयत्न फसल्यावर मुलं सरळ हातांनी खायला बसली. सगळ्यात जास्त हाणल्या त्या मोरीने. मोरी म्हणजे टीमचा क्वार्टरबॅक. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू व्हायचा.

सामना संपायला थोडीच मिनिटं उरली होती आणि आमची टीम तीन गुणांनी पुढे होती. तेवढ्यात मोरी रेषेजवळ, माझ्यासमोरच, पाठीवर आदळला. लगेच उठलाही, हसत. काचो धावत आले.

"मोरी, आज सकाळी काय खाल्लं?"

"भाताचे गोळे आणि मिसो सूप," मोरी झटकन म्हणाला.

त्याच्या बोटांची टोकं हळदीने पिवळी होती. पाठीमागून कप्तान परीक्षेत सांगावं तसा कुजबुजला, "करी, करी!" आणि मोरी शहाण्या मुलासारखा म्हणाला, "करी." काचोंनी त्याचं हेल्मेट काढून आपल्या काखेत धरलं.

"कांतोकु, पाचच मिनिटं राहिलीत!" कप्तान रडकुंडीला आला.

"माहीत आहे," काचो म्हणाले. मग चालत पंचांकडे गेले, कमरेत वाकले आणि सामना सोडून दिला.

इस्पितळात मोरीच्या तपासणीत गंभीर काही निघालं नाही. डोक्याला थोडा धक्का बसलाय, काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. कॉलेजने शब्द पाळला, क्लब बंद झाला. टीमचे जुने खेळाडू काचोंवर उखडले, त्यांना वार्षिक जेवणाला बोलवेनासे झाले. कारण विचारलं की काचो सांगायचे, "मी घाबरलो." मोरीचं ते उत्तर ऐकलेले आम्ही तिघंच, आणि कप्तानाला नि मला त्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

मोरीला स्वतःला आपण काय उत्तर दिलं ते आठवत नव्हतं. सामान परत करायला सगळे शेवटचे जमले तेव्हा तो काचोंसमोर उभा राहिला. "मी धडधाकट होतो. तुम्ही टीम बुडवलीत."

काचो त्याच्यापुढे वाकले. "हो. माझी चूक झाली."

मला ते सहन झालं नाही. स्टेशनकडे जाताना मी म्हटलं, "त्याला खरं सांगून टाका ना."

"सांगितलं तर त्याला वाटेल, टीम त्याच्यामुळे बंद पडली," ते म्हणाले. "त्या वयात हे ओझं कशाला? माझ्यावर रागावू दे."

मी पुण्याला परतेपर्यंत दर जानेवारीत काचोंच्या टेबलावर नव्या वर्षाच्या कार्डांचा गठ्ठा यायचा. टीममधली बाकीची मुलं पाठवायची. काचो सगळी कार्डं एकदा बघायचे, मग पुन्हा पहिल्यापासून बघायचे. मोरीचं नसायचं.

"अजून रागावलाय," ते म्हणायचे. "छान झालं." आणि ते तसं म्हणत असताना मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.