दोन महायुद्धं आणि एक धुरा

जगातली दोन्ही महायुद्धं माझ्या आत्याच्या नवऱ्याला न विचारता लढली गेली, हा इतिहासाचा घोर निष्काळजीपणा आहे, असं माझं ठाम मत आहे. आमचे हे फुफाजी पवनीकडच्या एका शाळेत बाबू होते. शाळेच्या कपाटात दोन जाडजूड पुस्तकं कुणी हात न लावता पडून होती, एकेका महायुद्धावर एकेक. फुफाजींनी ती इतक्यांदा वाचली की पुढे जगातली कुठलीही गोष्ट त्या दोन युद्धांच्या मधोमध उभी करून मापायची त्यांना खोडच लागली. लग्नात व्याही रुसले, तर हे पंगतीत बसूनच सांगणार, "पह्यलं युद्ध असंच पेटलं. एकाचा मान, मंग त्याच्या सोयऱ्याचा मान, मंग सोयऱ्याच्या सोयऱ्याचा. दुसरं तसं नाही. ते ठरवून केलेलं." तोवर व्याही उठून गेलेले असत. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा गाव हळहळत होतं आणि हे मात्र खुशीत. "नकाशा बदलला अन् एक गोळी नाही चालली," असं भेटेल त्याला सांगत फिरले, जणू मध्यस्थी यांनीच केली होती.

रोवण्याच्या दिवसांत तर बायांचे हाल विचारू नका. त्या भाताची रोपं लावायला बांधीत, पाणी साठवलेल्या खाचरात, वाकल्या की फुफाजी धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधावर, छत्री घेऊन उभे. पहिल्या युद्धात सैनिक वर्षानुवर्षं त्याच चिखलाच्या खंदकात कसे कुजले, दुसऱ्यात रणगाडे देशच्या देश ओलांडून कसे गेले. एकदा एक म्हातारी कंबर न उचलता म्हणाली, "बाबूजी, आमचा चिखल कोनत्या युद्धातला धराचा?" फुफाजी खरंच विचारात पडले. "पह्यल्यातला," ते म्हणाले. "त्यातबी वाकनारे येगळे होते अन् हुकूम देनारे येगळे." आणि छत्री मिटून खाली उतरले. त्यांनी लावलेली रोपं नंतर बायांना उपटून पुन्हा लावावी लागली.

मोठं युद्ध कोणतं, असं विचारलं की मात्र ते गंभीर होत. "मेले जास्त दुसऱ्यात. पन ते पह्यल्याच्या तहातूनच निघालं ना. हरलेल्याले साऱ्याईसमोर वाकवून सही घेतली." हे सांगताना त्यांचा आवाज खाली जाई, कारण तोच तह त्यांनी घरात केला होता. त्यांच्या बांधीला लागून धाकट्या भावाची बांधी. एका कोरड्या साली त्यानं न विचारता धुरा फोडून पाणी घेतलं. चूक त्याचीच. पण फुफाजींनी गावादेखत त्याच्याकडून ती कबूल करवली, कागदावर सही घेतली आणि धुरा त्याच्याच हातानं बुजवून घेतला. भाऊ नऊ वर्षं बोलला नाही. दरवर्षी रोवण्याआधी धुऱ्याला दोन्ही अंगांनी चिखल लावावा लागतो. हे आपलं अंग एका दिवशी लावत, तो दुसऱ्या दिवशी. आत्या एकदाच म्हणाली, "अजी, साऱ्या दुनियेचे तह समजतेत तुमाले. आपल्या लहान्याचा काहून नाही समजला?" फुफाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

मग गोसीखुर्द धरणाचं पाणी चढणार आणि गाव उठणार, हे पक्कं झालं. शेवटच्या रोवण्याला धुरे लिंपायला कुणी फिरकलं नाही. पाऊसही लांबला. फुफाजींची बांधी वरच्या अंगाला, तिच्यात पाणी होतं. भावाची रोपं पिवळी पडत होती. एका सकाळी फुफाजी फावडं घेऊन निघाले. मी मागोमाग गेलो. भावानं फोडला होता त्याच जागी त्यांनी धुरा फोडला. भाऊ पलीकडून धावत आला.

"दादा, कायले फोडून राहिले? आता त सारंच बुडनार हाये."

"म्हनूनच," फुफाजी वर न बघता म्हणाले. "बुडाल्यावर माफी कोनाले मांगू, पान्याले?"

भावानं त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि वाट आणखी रुंद केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

आता पुनर्वसनाच्या गावात दोघांची घरं एका रांगेत आहेत. फुफाजी अजूनही युद्धं सांगतात, पण हल्ली शेवट एकच असतो. "दोन युद्धाईच्या मधात वीस वर्षं होते. कोनीतरी उठून जाऊ शकला असता. मलेबी नऊ लागले." भाऊ शेजारीच बसलेला असतो, पण त्याला अलीकडे ऐकू येत नाही. फुफाजी मग त्याच्या कानाशी वाकून तेच पुन्हा एकदा सांगतात.