पाटावरच्या फ्लॉप्या

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजतात. सासऱ्यांचा कोयता, नवऱ्याचे भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपातले पाने, अक्कांचा, म्हणजे सासूबाईंचा, शेवया करायचा सोऱ्या, असं सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतात. झेंडू वाहतात, गंध लावतात. लग्न होऊन आले त्या वर्षीच माझ्या लक्षात आलं की या पाटावर माझं काहीच नाही. मी जळगावच्या एका सूतगिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. दिवसभर बोटं बडवून पगार आणत होते, तो घरात चालत होता. पण माझं हत्यार ऑफिसात राहायचं, म्हणून बहुतेक ते हत्यारच नव्हे. मी कधी बोलून दाखवलं नाही. मनात मात्र दर वर्षी खुपायचं.

मग ऑफिसात काँप्युटर येणार अशी हूल उठली, आणि ती खरी निघाली. मोठ्या साहेबांनी आम्हा दोघी टायपिस्टना बोलावून सांगितलं, "जिच्याकडे प्रोग्रॅमिंगचं सर्टिफिकेट असेल ती काँप्युटरवर. दुसरीला गेटवरच्या वजनकाट्यावर जावं लागेल." वजनकाटा म्हणजे पत्र्याची खोली, कापसाच्या गाड्या, धूळ, आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या. दुसरीला लहान मूल होतं, तिनं हात टेकले. मी क्लास लावला.

क्लास कसला, एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. काँप्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. आत देवच बसवलेला जणू. मशीनवर बसायला रविवारी जेमतेम तासभर मिळायचा, म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, स्वतःच मशीन होऊन ओळीओळीनं चालवून बघायचा, आणि मग रविवारी धावत जाऊन टाइप करायचा. सकाळी नळ यायच्या आधी मी ओट्याशी बसून कोबोल, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, पाठ करायची. दुपारी डबा खाताना एका हातात पोळी, दुसऱ्या हातात पेन्सिल. सासरे म्हणायचे, "मास्तरीण व्हनी का काय आते?" नवरा हसायचा. मला हसू यायचं नाही. मला त्या पत्र्याच्या खोलीत जायचं नव्हतं, एवढंच कळत होतं.

परीक्षेत लेखी पेपर तर होताच, शिवाय आपण केलेला मोठा प्रोग्रॅम फ्लॉपीवर न्यायचा आणि परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा. मी गिरणीतल्या कामगारांच्या पगाराचा प्रोग्रॅम केला होता. कितीतरी रविवार त्यात गेले. क्लासमध्ये फ्लॉपी ठेवली तर तिच्यावर कुणीतरी दुसरंच काही उतरवून ठेवायचं, म्हणून मी घरी आणायची. एक मूळ, एक नक्कल, दोन्ही एका प्लॅस्टिकच्या डबीत. लेखी पेपर आधीच चांगला गेला होता. प्रोग्रॅम दाखवायची परीक्षा धुळ्याला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

नवमीला मला सुट्टी नव्हती. संध्याकाळी घरी आले तर पाटावर कोयता, पाने, सोऱ्या, आणि त्यांच्या पंक्तीत माझ्या दोन्ही फ्लॉप्या! कागदी खिशातून बाहेर काढलेल्या. तेव्हाच्या त्या मोठ्या पातळ फ्लॉपीला एक लांबट खिडकी असे, आतली चकती तिथं उघडी दिसायची. अक्कांना तीच गंधाची जागा वाटली. बरोब्बर तिथं, दोन्हींवर, ओलं हळदकुंकू आणि अक्षता.

"अक्का, हे काय केलंत?" माझा आवाज चढला.

"बठ्ठास्ना हत्यार पुंजात," त्या खुशीत म्हणाल्या. "मंग तुन्हंच कसाले ऱ्हावू देवू? ते बी हत्यारच शे ना?"

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं मला. आणि ऐकलं तेव्हा किंचाळावंसं वाटलं. पाटावरची हत्यारं दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हलवायची नाहीत, म्हणून तेव्हा हातही लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पदरानं पुसलं, तर कुंकू आणखीच आत सरकलं. क्लासला कुलूप. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, तिचा भाव बघ." भाव! सगळे मला भावच बघायला सांगत होते. माझे रविवार कुणी बघितले नाहीत.

धुळ्याला परीक्षकांनी फ्लॉपी हातात घेऊन उलटीपालटी केली. "बाई, याला कुंकू कोणी लावलं?" मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मशीन खरखरलं आणि थांबलं. दुसरीचंही तेच. खालच्या मजल्यावरून मशीन सांभाळणारा माणूस आला आणि मशीन बिघडवलं म्हणून माझ्यावरच डाफरला. लेखीत पास, प्रोग्रॅममध्ये नापास. परत बसायची संधी सहा महिन्यांनी होती. तेवढ्यात साहेबांनी बाहेरून एक सर्टिफिकेटवाला आणून बसवला, आणि त्या दुसरीबरोबर मीही वजनकाट्यावर गेले. रिटायर होईपर्यंत तिथंच होते.

अक्कांना मी काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? त्या जाईपर्यंत दर नवमीला त्याच दोन फ्लॉप्या पाटावर येत. शेजारणींना त्या कौतुकानं दाखवायच्या, "हाई मन्ही सूननं हत्यार शे." मी वाकून नमस्कार करायची आणि गेटवर जायची. तिथं ज्या पेनानं मी जन्मभर गाड्यांची वजनं लिहिली, ते पेन कुणी कधी पाटावर ठेवलं नाही. मीही ठेवू दिलं नसतं.