व्यासपीठाखालची बाळंतीण

अकोल्यात मित्राच्या आग्रहाने मी एका रविवारी चर्चमध्ये गेलो. व्यासपीठाखालच्या कपाटात मांजर व्याली होती. शर्टभर तिचे केस चिकटलेला तिथला तरुण पाळक, म्हणजे पाद्री, तिला हलवायला तयार नव्हता. त्याचे वडील चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळीतले ज्येष्ठ. ते सगळ्यांसमोर गरजले, “मांजर काढ, नाई त तू निंघ!”

तो हसला. “बाबा, पोटात येशू असलेल्या मरियेले जागा न देणाऱ्या सराईवाल्याले आपण दर नाताळात नावं ठेवतो. मंग मी त्याच्यावानी कावून वागू?”

बायबल काखेत मारून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याच्यामागे पहिली उठली त्याची आई. मी देव मानत नाही. पण बाळंतिणीला हाकलणाऱ्यांसोबतही बसत नाही. मीही उठलो.