डाव्या पायडलचे आटे

संत्र्याच्या फुलांचा सुगंध आणि घासलेटचा दर्प एकाच अंगणात नांदू शकतात, हे मला या माघात कळलं. मागच्या बगिच्यातून तो शुभ्र, मधुर परिमळ झुळकीसरशी येई आणि माझ्या बोटांना चिकटलेल्या उग्र वासापाशी संकोचून थबके. मी बाबांच्या जुन्या सायकलीचं मोडकं पायडल काढून राहिलो होतो. म्हणजे, माझी तशी समजूत होती.

खरं कारण तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्या पांढुर्ण्याच्या घरी सौंसरहून पाहुणे आले होते, माझ्या मुलीला पाहायला. रामाकोन्याच्या शाळेत शिकवायला आपण सायकलीनं कसे जात असू, हे बाबा त्यांना रंगून सांगत होते. चौथ्यांदा. "बाबा, तुम्ही जरा गप बसा ना," मी म्हणालो. ते बसले. पाहुण्यांचा होकार आला, पण बाबांचं बोलणं 'हो' आणि 'नको' एवढ्यावर येऊन थांबलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं मौन केवढं विस्तीर्ण असतं! क्षमा मागण्याचं धैर्य मला पन्नाशीतही जमलेलं नाही. म्हणून त्यांच्या त्याच सायकलीसाठी मी पाना उचलला.

दोन्ही पायडलं बदलायची ठरवली. उजवं एका झटक्यात सुटलं आणि माझ्यातला कारागीर फुलून आला. डाव्याचा मात्र नुसता गंजका दांडा उरलेला, आणि तो तीन दिवस जागचा हलेना. घासलेट पाजलं, हातोडीनं समजावलं, शेवटी पान्यावर सगळा देह घेऊन उभा राहिलो. हा देह काही थोडाथोडका नाही! "अहो, पायडल काढून राहिले का समुद्रमंथन करून राहिले?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ओसरीतल्या खुर्चीवरून बाबा सारं पाहत होते.

गंज म्हणजे तरी काय? लोखंडाला माणसानं हात लावणं सोडलं, की काळ त्यावर आपला हात ठेवतो, एवढंच ना?

तिसऱ्या दिवशी मी घाम पुसत त्यांच्याकडे वळलो. "बाबा, हे निघत काऊन नाही?"

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. "पोट्ट्या, तू सोडून नाही राहिला. कसून राहिला."

डाव्या बाजूचे आटे उलटे असतात म्हणे; उजवीकडे फिरवले की सुटतात. तीन दिवस मी ते पायडल अधिकाधिक निष्ठेनं घट्ट करत होतो!

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तूच तं म्हनला, गप बसा."

चुकीच्या दिशेला लावलेला जोरही किती प्रामाणिक असतो! दमवतो, घाम काढतो, आपण काहीतरी करतो आहोत असं समाधानसुद्धा देतो. "चुकलं माझं, बाबा," मी म्हणालो. पाच वर्षांच्या पोरासारखा आवाज निघाला. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे; ते उठले, पान्यावरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि उलट्या बाजूला दाबला. दांडा कुरकुरला, अडला, आणि फिरला.

मग बाबा बोलत सुटले. पाना धरायची माझी रीत, माझं पोट, माझी मोबाईलवरची विद्या, कशालाच त्यांनी सोडलं नाही.

नवं पायडल हातात घेऊन मी विचारलं, "बाबा, हे कुणीकडं फिरवू?"

मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी सांगितलं, अगदी पहिल्यापासून.