मामांचं सरळ बोट

प्राजू, इकडे ये, अशी जवळ बस माझ्या. काकू रागावते म्हण हवं तर. परवा जेवायला आलीस आणि पर्समधून ते छोटं पिस्तूल काढून सरळ माझ्या टेबलावर ठेवलंस, कोशिंबिरीशेजारी. वर मलाच म्हणतेस, "टेन्शन नको, सेफ्टी लावलीय." अगदी हेच तुझे बाबा म्हणाले होते, मामांसमोर. तू तेव्हा होस्टेलला होतीस, तुला कुणी सांगितलं नसेल. ऐक आता.

मामा आपल्या सोसायटीत पाचव्या मजल्याला राहायचे, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मूळचे साताऱ्याकडचे, पोलिसांच्या शस्त्रागारात हत्यारं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. त्यांच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कधी वाकायचंच नाही. चहाचा कप धरला तरी ते सरळ. लिफ्टचं बटण दाबायचे तेही अंगठ्याने. मला वाटलं संधिवात असेल, मी आपलं निर्गुडीचं तेल नेऊन दिलं. तर हसायलाच लागले. "वैनी, बोट झकास हाय. पर चाप दिसला की ते आपलं आपन आत जातंय. म्हून त्याला भाईर ऱ्हायाची सवय लावलीया."

मला मेलीला चौकशांची खोड. म्हटलं, मग तो सेफ्टीचा खटका कशाला दिलाय? मामा म्हणाले, "खटका म्हंजी दाराची कडी. कडी लावली म्हून घर रिकामं झालं का? आत मानूस हायेच की!" काही पिस्तुलांचा खटका वर केला की बंद, काहींचा खाली केला की बंद, आणि काहींना बाहेरून खटकाच नसतो, हे मला तेव्हा कळलं. छोट्या पिस्तुलाचा तर नखाएवढा. पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा घासला तरी तो सरकतो, आणि आपल्याला पत्ता नाही. मामा दुसऱ्याच्या हत्याराबद्दल कधी अंदाज करायचे नाहीत, उघडून बघायचे.

तू होस्टेलला होतीस त्या दसऱ्याला न्हावा शेव्याच्या रस्त्यावर तुझ्या बाबांच्या ट्रेलर यार्डात पूजा होती, मामांना आणि मलाही बोलावणं होतं. टेबलावर जॅक, पाने, ऑफिसचा कीबोर्ड, आणि मधोमध पिस्तूल. हळद-कुंकू, झेंडू, अक्षता, सगळं यथासांग. तुझी आई निरांजनाचं तबक घेऊन समोर उभी, आणि पिस्तुलाचं तोंड तिच्या पोटाकडे.

"आरती थांबवा," मामा म्हणाले.

"अहो मामा, सेफ्टी लावलीय!"

मामांनी आधी तुझ्या आईला बाजूला केलं. पिस्तूल उचलून रेतीच्या ढिगाकडे वळवलं, बोट बाहेरच. गोळ्यांचं मॅगझिन काढलं. बाबा म्हणाले, "झालं ना रिकामं?" मामांनी वरचा भाग मागे ओढला, तर नळीतली एक गोळी टुणकन उडून पेढ्यांच्या ताटात पडली. मग त्यांनी खटका दाखवला. फटीत अक्षतेचा दाणा, ओल्या कुंकवाने घट्ट चिकटलेला. वर दिसत होता गं खटका, पण पुरता बसलाच नव्हता.

तुझ्या आईने तबक खाली ठेवलं.

बाबांना मात्र चारचौघांतला अपमान वाटला. कितीतरी दिवस मामांशी बोलले नाहीत. लिफ्टमध्ये दोघं दोन भिंतींकडे तोंड करून उभे! पण पुढच्या दसऱ्याला स्वतःच पिस्तूल रिकामं, उघडं करून मामांच्या दारात गेले. "बघून घ्या मामा, मग फुलं वाहतो." मामांनी मागच्या बाजूने नळीत डोकावलं, करंगळी घालून चाचपलं. म्हणाले, "आता घाला काय घालायचं त्ये. माळ घाला न्हाईतर शालू नेसवा."

आता मामा नाहीत, तुझे बाबाही नाहीत, आणि ते हत्यार रीतसर तुझ्या नावावर आलंय. यार्डातून अंधार पडल्यावर निघतेस, तुला ते लागतं, मला कळतं. ठेवू नको म्हणत नाही मी. पण तुझ्या त्या पर्समध्ये रात्री तुझी पोर चॉकलेटं शोधते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मामांनी मला हौसेखातर शिकवलं होतं, लाटणं हातात देऊन. मला येतं तेवढं सगळं तुला दाखवते. पिस्तूल घरी कुलपात ठेव आणि रिकाम्या हाताने ये. याच रविवारी ये गं, मी पुरणाचा घाट घालते.