अनंताचा डबा

माझी बायको सुमन गेली, तो गुरुवार होता.

आजही गुरुवार. सकाळी दार उघडलं आणि अनंताच्या फुलांचा वास घरात आला. वीसेक वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. तिनं माहेराहून आणलेलं हे झाड अंबडच्या आमच्या अंगणात पिवळं पडत चाललं होतं. त्याच्या आळ्याच्या विटांना मी दर दिवाळीला चुना फासायचो, अंगण नीटस दिसावं म्हणून.

ती खुरपं घेऊन बसली. "अहो मास्तर, तुम्हीच मारून राह्यले याला. आधीच काळी माती चुनखडीची, त्यात तुमचा चुना! याला आंबट माती लागती."

"मातीला चव असती का?"

"चाखून बघा. अन् मंग डबा बराबर धरा."

मी तेलाचा रिकामा डबा धरला. तिनं मुळांची काळी माती बोटांनी हळूहळू सोडवली. डब्यात लाल माती आणि कुजलेला पाला भरला आणि झाड त्यात लावलं. "आईच्या हातचं एवढंच राह्यलंय," ती झाडाकडे बघत म्हणाली. मला तेव्हा फक्त अंगणात तेलाचा डबा ठेवायची लाज वाटत होती.

आता मी चुना आणत नाही. डबा दोनदा बदलला. अनंत तोच आहे.